हिरडीखालची शर्यत: विरघळणाऱ्या पडद्याची गोष्ट

लोकलमध्ये नेट गेलं म्हणून ज्यांचा हा भाग अर्धाच ऐकून झाला, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर. रेकॉर्डिंगमध्ये जे बोललो तेच इथे आहे, मधले "अं" आणि "म्हणजे" शक्य तेवढे काढलेत.

आजचा विषय आहे हिरड्या. थांबा, लगेच पुढच्या भागावर उडी मारू नका. इतिहास म्हटलं की किल्ले, तह आणि लढाया हे आपलं ठरलेलं असतं, त्यावर आपण पुष्कळ भाग केलेत. पण आज ज्या झटापटीबद्दल बोलायचंय ती काही मिलिमीटर जागेत होते, तिचा निकाल लागायला चार-सहा आठवडे जातात, आणि ती जिंकण्यासाठी स्वीडनपासून इटलीपर्यंतच्या डॉक्टरांनी आयुष्याची कित्येक वर्षं घातली.

आधी एक काम करा. फोन हातात आहेच. सेल्फी कॅमेरा उघडा, वरचा ओठ बोटाने उचला आणि सुळ्याच्या आसपास बघा. दाताचा पांढरा भाग संपतो तिथेच हिरडी सुरू व्हायला हवी. काही जणांना मध्ये एक पिवळसर पट्टी दिसेल. तिथे गार पाणी लागलं की सणक जाते. ती पट्टी म्हणजे दाताचं मूळ, जे खरं तर झाकलेलं असायला हवं होतं. हिरडी तिथून मागे सरकलीय.

कारणं बरीच असतात. ब्रश कढई घासल्यासारखा चालवणं, दात ओळीच्या बाहेर आलेला असणं, मुळावरचं हाड जन्मतःच पातळ असणं, पायरिया. आणि आपल्याकडे मशेरी. भाजून काळी केलेली तंबाखू बोटाने दातांवर, हिरड्यांवर चोळायची. माझ्या आत्याचा दिवस मशेरीशिवाय सुरूच व्हायचा नाही. चाळिशीतच तिचे खालचे पुढचे दात एवढे लांब दिसायला लागले होते की आम्ही मुलं ते मुळापासूनच तसे आहेत असं समजायचो. महाराष्ट्रातल्या खेड्यांत, आणि मुंबईच्या चाळींतही, असे दात तुम्ही पाहिले असतील.

महत्त्वाची गोष्ट अशी की सरकलेली हिरडी आपोआप परत जागेवर येत नाही. कुठलीही पेस्ट, कुठलंही तेल, कुठलंही रील तिला परत आणत नाही. फार फार तर आहे तिथे थांबते. झाकायचं असेल तर शस्त्रक्रिया करावी लागते. आणि खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण झाकणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

झाकायच्या युक्त्या तशा जुन्या आहेत. १९५६ साली ग्रूप आणि वॉरन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी शेजारच्या दातावरची हिरडी बाजूला सरकवून उघड्या मुळावर आणायची पद्धत मांडली. १९६८ साली सलिव्हन आणि ॲटकिन्स यांनी टाळूवरचा पातळ तुकडा काढून हिरडीच्या जागी लावण्याचे नियम घालून दिले. थोडक्यात, इकडचं तिकडे. कपड्याला ठिगळ लावतात तसं. ठिगळ बसायचंही बऱ्यापैकी. पण त्याच्या खाली काय घडतंय?

त्यासाठी दात कसा उभा असतो ते बघावं लागेल. भिंतीत खिळा ठोकावा तसा दात हाडात ठोकलेला नसतो. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक अगदी पातळ थर असतो. या तंतूंचं एक टोक हाडात रुतलेलं, दुसरं टोक मुळावरच्या सिमेंटम नावाच्या थरात. झोळीत टाकल्यासारखा दात त्यात टांगलेला असतो. म्हणून तर चणा चावताना दात किंचित दबतो आणि किती जोर लागतोय ते आपल्याला कळतं. हिरडी आणि हाड मागे सरकलं की ते तंतूही तुटतात. मग वरून हिरडी ओढून आणून शिवली, तरी खालचे तंतू परत रुततीलच असं नाही. बहुतेक वेळा हिरडीची त्वचा मुळाच्या बाजूने आत घुसते आणि मुळाला नुसती चिकटून बसते. बाहेरून बघणाऱ्याला सगळं छान. आत मात्र भिंतीला कागद डकवावा तसा प्रकार.

हे असं का होतं, याचं उत्तर १९७६ साली टोरांटो विद्यापीठातल्या अँथनी मेल्चर यांनी एका लेखात मांडलं. त्यांचं म्हणणं असं. शस्त्रक्रियेनंतर उघड्या मुळाजवळ चार प्रकारच्या पेशी पोचू शकतात. हिरडीच्या वरच्या त्वचेच्या, त्वचेखालच्या मांसल भागाच्या, हाडाच्या, आणि त्या तंतूंच्या थरातल्या. जी पेशी आधी पोचेल ती जागा बळकावणार, आणि जखम कशी भरेल ते तीच ठरवणार. एका अर्थाने ही शर्यत आहे. त्वचेच्या पेशी सगळ्यांत वेगवान, दिवसाला साधारण अर्धा मिलिमीटर सरकतात. तंतूंच्या पेशी संथ. लहानपणी आपण ससा-कासवाची गोष्ट ऐकलीय, पण इथला ससा वाटेत झोपत नाही. त्यामुळे कासव दर वेळी हरतं.

मेल्चरचा लेख म्हणजे एक तर्क होता. तो पारखायचं काम केलं स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या आणि डेन्मार्कमधल्या आऱ्हुसच्या मंडळींनी. स्टूरे नीमन, यान लिंधे, थोरकिल्ड कारिंग ही त्यातली मोठी नावं. या लोकांची पद्धत मला फार आवडली. उपचार शोधायच्या आधी त्यांनी एकेका धावपटूला एकट्याला पळवून बघितलं. १९८० च्या सुमारास त्यांनी प्राण्यांच्या आजारी दातांची मुळं काढून थेट हाडाला लागतील अशी पुरली. म्हणजे फक्त हाडाच्या पेशींना संधी दिली. काय झालं? मूळ हाडाशी जोडलं गेलं आणि हाडाने ते हळूहळू खायला सुरुवात केली. मग मुळं मांसल भागाला टेकवून ठेवली. तिथेही तंतू नीट रुतले नाहीत आणि मूळ झिजत गेलं. म्हणजे ज्या पेशींवर सगळ्यांचा भरवसा होता त्या कामाच्याच नव्हत्या. उरल्या फक्त तंतूंच्या थरातल्या पेशी. कुत्र्यांवर आणि माकडांवर केलेले हे प्रयोग वाचताना मला आतून बरं वाटलं नाही, हेही सांगून टाकतो. पण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे.

आता उपाय सोपा वाटतो. ससा आणि मांसल पेशी यांना अडवायचं आणि कासवाला वाट मोकळी ठेवायची. अडवायचं कसं? मध्ये पडदा लावून.

१९८२ साली नीमन आणि सहकाऱ्यांनी हा पडदा माणसाच्या तोंडात लावला. दात होता खालचा पुढचा, आजाराने इतका खिळखिळा झालेला की तो काढावाच लागणार होता. त्यांनी हिरडी उघडली, मूळ स्वच्छ केलं आणि मुळावर व हाडाच्या कडेवर एक फिल्टर ठेवून वरून हिरडी शिवली. हा फिल्टर दवाखान्यासाठी बनलेलाच नव्हता. प्रयोगशाळेत द्रव गाळायला वापरतात तो मिलिपोअर फिल्टर, म्हणजे एक प्रकारचा गाळणीचा कागद! तीन महिन्यांनी तो दात आजूबाजूच्या भागासकट काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. जे मूळ आजाराने उघडं पडलं होतं, त्यावर नवं सिमेंटम तयार झालं होतं आणि त्यात नवे तंतू रुतलेले होते.

एकच दात. एकच माणूस. तरीही दंतवैद्यकाच्या इतिहासात या दाताची जागा मोठी आहे, कारण तोपर्यंत "गेलेला आधार परत येतो का" या प्रश्नाला ठाम पुरावा असलेलं उत्तर मिळत नव्हतं.

पण गाळणीचा कागद काही कायमचा उपाय नव्हता. तो ठिसूळ होता, तोंडात हाताळायला अवघड. इथे गोष्ट अचानक अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात जाते, आणि रेनकोटकडे वळते. १९६९ साली तिथे बॉब गोअर नावाचा माणूस टेफ्लॉनच्या तापवलेल्या दांड्या हळूहळू ताणायचा प्रयत्न करत होता. त्या तुटत होत्या. शेवटी वैतागून त्याने एक दांडी झटक्यात खेचली आणि ती न तुटता कितीतरी पट लांब झाली. आत हवेची अगणित सूक्ष्म छिद्रं तयार झाली होती. ट्रेकिंगची आवड असलेल्यांना हे नाव माहीत असेल, गोअर-टेक्स. घाम बाहेर जातो, पाऊस आत येत नाही, ते जॅकेट. त्याच पदार्थाच्या नळ्या पुढे रक्तवाहिन्यांच्या जागी वापरल्या गेल्या. आणि १९८० च्या दशकात त्याचेच पडदे हिरडीखाली गेले. १९८६ साली यान गॉटलो आणि सहकाऱ्यांनी रुग्णांवरचे अनुभव प्रसिद्ध केले. या पद्धतीला नाव मिळालं "गायडेड टिश्यू रिजनरेशन". ऊतींना वाट दाखवून पुन्हा वाढू देणं, असं आपण म्हणू. दवाखान्यात मात्र सगळे "जीटीआर"च म्हणतात.

गोअर-टेक्सचा पडदा काम चोख करायचा. अडचण एकच होती, आणि ती रुग्णाच्या बाजूने बघितलं तर फार मोठी. तो पडदा शरीरात विरघळत नाही. म्हणजे चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा खुर्चीत बसायचं, पुन्हा इंजेक्शन, पुन्हा हिरडी उघडायची आणि पडदा काढायचा. बरं, तोवर आत जी नवी, कोवळी, जेलीसारखी ऊती तयार होत असते, तिलाच पडदा काढताना धक्का लागायची भीती. शिवाय मधल्या काळात वरची हिरडी थोडी आकसली आणि पडद्याची कड उघडी पडली, तर त्यावर जंतू बसणार. रोज ज्या तोंडातून वरण-भात, चहा, वडापाव जातो, त्या तोंडात एक प्लास्टिकची कड उघडी. तुम्हीच विचार करा.

म्हणून पुढचा प्रश्न आला, काम संपलं की स्वतःहून नाहीसा होणारा पडदा करता येईल का?

आता याचं मूळ शोधायला आपल्याला शंभराहून जास्त वर्षं मागे जावं लागतं. विरघळणारे टाके हा शब्द आज घराघरांत माहीत आहे. बाळंतपण झालेल्या कुठल्याही घरात विचारा. जनावरांच्या आतड्यापासून केलेला दोरा शरीरात नाहीसा होतो हे जुन्या वैद्यांना ठाऊक होतं, पण तो जखमेत कुजून घात करायचा. १८६८ च्या अखेरीस जोसेफ लिस्टर यांनी हा दोरा कार्बॉलिक ॲसिडने निर्जंतुक करून एका वासराच्या मानेतली रक्तवाहिनी त्याने बांधली. महिन्याभराने बघितलं, तर दोऱ्याच्या जागी जिवंत ऊतीचा पट्टा होता. १८६९ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. वस्तू शरीरात ठेवायची, तिने काही काळ काम करायचं आणि मग शरीराने तिची जागा घ्यायची. ही कल्पना त्या वासराच्या मानेत पहिल्यांदा इतकी स्पष्ट दिसली, असं मला वाटतं.

पुढचा टप्पा प्लास्टिकचा. दुधाचं दही होताना जे आम्ल तयार होतं, लॅक्टिक ॲसिड, त्याच्या साखळ्या जोडून प्लास्टिक बनवता येतं. पण ते ओलाव्यात हळूहळू तुटतं. कापड किंवा भांडी बनवणाऱ्यांच्या दृष्टीने असं प्लास्टिक कुचकामी. शल्यविशारदांच्या दृष्टीने तोच त्याचा गुण. १९६६ साली "आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी" या नियतकालिकात एक लेख आला, शस्त्रक्रियेत शरीरात ठेवायच्या वस्तूंसाठी पॉलिलॅक्टिक ॲसिड. लेख वॉशिंग्टनमधल्या अमेरिकन सैन्याच्या वैद्यकीय प्रयोगशाळेतला. चार लेखक, आणि पहिलं नाव कोणाचं? आर. के. कुलकर्णी! हे नाव वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी मोबाईलच्या उजेडात एकटाच हसलो. या विषयावरच्या लेखांमध्ये आजही "कुलकर्णी आणि सहकारी, १९६६" असा उल्लेख सापडतो.

पाच वर्षांनी, १९७१ साली, अमेरिकन सैन्याच्याच दंतसंशोधकांनी माकडांच्या जबड्याची मोडलेली हाडं याच पदार्थाच्या धाग्यांनी बांधून दाखवली. म्हणजे पदार्थ तोंडात पोचला होता. त्याच दशकात कृत्रिम विरघळणारे टाके बाजारात आले आणि आतड्याच्या दोऱ्याची गरज कमी होत गेली.

हे सगळे धागे एकत्र आले ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, पुन्हा स्वीडनमध्येच. तिथे गायडॉर नावाचा पडदा तयार झाला. पॉलिलॅक्टिक ॲसिड, आणि ते लवचिक व्हावं म्हणून त्यात सायट्रिक ॲसिडपासून केलेला एक पदार्थ. दही आणि लिंबू, असं मी रेकॉर्डिंगमध्ये म्हटलं होतं. रसायनशास्त्रवाल्यांनी चिडू नये. त्याची रचना सुरेख होती. दोन थर. बाहेरच्या थराला मोठी भोकं, म्हणजे वरची हिरडी त्या भोकांत वाढून पडद्याला धरून ठेवेल आणि ससा खाली उतरणार नाही. आतल्या थराला बारीक भोकं. दोन्ही थरांमध्ये फट. किमान सहा आठवडे तो टिकायचा, कारण शर्यत तेवढ्यात ठरते. मग पाणी त्याच्या साखळ्या तोडत जायचं, लॅक्टिक ॲसिड सुटायचं. धावल्यावर आपल्या स्नायूंत तेच तयार होतं. शरीर त्याचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करून टाकतं. पडदा अक्षरशः श्वासातून बाहेर.

दुसरा रस्ता कोलॅजेनचा. आपली कातडी आणि हिरडी ज्या प्रथिनाने बांधलेली असते तेच प्राण्यांकडून घ्यायचं, शुद्ध करायचं आणि पडदा बनवायचा. शरीरातली विकरं तो पचवतात. १९९० च्या दशकाच्या मध्यावर एका स्विस कंपनीचा, गाइस्टलिशचा, डुकराच्या कोलॅजेनपासून बनवलेला बायो-गाइड हा पडदा आला आणि आज जगभर वापरात आहे.

आता पुन्हा आपल्या सुळ्यावरच्या पिवळ्या पट्टीकडे येऊ. वरचे बरेच प्रयोग पायरियाच्या खोल खड्ड्यांसाठी होते. सरकलेल्या हिरडीसाठी पडदा वापरायची धडपड मुख्यतः इटलीत झाली. तिथे एक वेगळीच अडचण होती. खड्ड्यावर पडदा ठेवला की खाली आपोआप पोकळी राहते. उघडं मूळ मात्र फुगीर असतं. त्यावर पडदा टेकला की तो चिकटून बसतो, आणि पेशींना वर चढायला जागाच उरत नाही. तिन्ती आणि विंचेन्झी यांनी टाक्याने पडद्याला बाक देऊन खाली तंबूसारखी जागा तयार केली. १९९२ साली पिनी प्रातो आणि सहकाऱ्यांनी पडद्याची तुलना जुन्या झाकायच्या शस्त्रक्रियेशी केली. हिरडी साधारण ५ मिलिमीटर किंवा जास्त सरकली असेल तिथे पडदा सरस ठरत होता. पुढच्याच वर्षी कोर्तेल्लिनी यांनी एका माणसाच्या अशाच दाताचे काप सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. झाकलेल्या मुळावर नवं सिमेंटम, नवे तंतू. म्हणजे आता मुळावर नुसता डकवलेला कागद नव्हता.

आणि १९९६ साली मारिओ रोक्कुत्सो यांनी विरघळणारा पडदा आणि गोअर-टेक्स एकाच रुग्णाच्या तोंडात वेगवेगळ्या दातांना लावून बघितले. मूळ झाकण्यात दोघे जवळजवळ बरोबरीत. फरक एवढाच की विरघळणाऱ्याच्या बाबतीत दुसऱ्यांदा चिरफाड नाही. कागदावर बरोबरी, पण खुर्चीत बसणाऱ्यासाठी सरळ विजय.

इथेच गोष्ट संपायला हवी होती ना? सिनेमा असता तर संपली असती.

माझ्या आईच्या दोन सुळ्यांवरची हिरडी सरकलीय. गेल्या वर्षी हिरड्यांच्या डॉक्टरांनी तिला दोन पर्याय सांगितले, विरघळणारा पडदा किंवा टाळूतून ऊती घेऊन लावणं. आईने मला फोन करून विचारलं, "तो पडदा मग जातो कुठे? आणि असतो कशाचा?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी तुम्हाला दिलंच. दुसऱ्याचं उत्तर ऐकून ती गप्प झाली. ती चतुर्थीला, एकादशीला तर सोडाच, एरवीही अंडं घातलेला केक खात नाही. तिला डुक्कर किंवा गाय यांच्यापासून बनवलेली वस्तू, मग ती कितीही शुद्ध केलेली असो, हिरडीखाली नको होती. हा प्रश्न फक्त तिचा नाही. मुसलमान, जैन, शाकाहारी अशा कितीतरी रुग्णांचा आहे. तो विचारण्यात ओशाळण्यासारखं काही नाही आणि डॉक्टरांनी तो आपणहून सांगायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. कृत्रिम पडदेही असतात, माशाच्या कोलॅजेनचेही असतात. पण विचारलं तरच कळतं.

पण आईचा निर्णय फक्त सोवळ्यावर झाला नाही. मी तिच्यासाठी वाचायला बसलो तेव्हा कळलं की मूळ झाकण्याच्या कामात पडदा मागे पडलाय. १९८५ साली लँगर आणि लँगर यांनी एक पद्धत मांडली होती. टाळूची वरची त्वचा झाकणासारखी उघडायची, आतला मांसल थर काढायचा, झाकण परत शिवून टाकायचं, आणि तो थर उघड्या मुळावर ठेवून वरून हिरडी ओढायची. २००२ साली या विषयावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. निष्कर्ष असा की मूळ झाकण्यात टाळूतला थर पडद्यापेक्षा चांगला. आढाव्याचे पहिले लेखक कोण? तेच रोक्कुत्सो, ज्यांनी सहा वर्षांपूर्वी विरघळणाऱ्या पडद्याच्या बाजूने निकाल दिला होता. मला हा माणूस आवडला.

असं का झालं असेल? एक कारण सरळ आहे. बऱ्याच जणांची हिरडी मुळात पातळ असते, म्हणूनच ती सरकते. टाळूतला थर तिला जाड करतो. पडदा विरघळून गेला की जाडी मिळतेच असं नाही. शिवाय पडदा उघडा पडला की निकाल बिघडतो, आणि पातळ हिरडीखाली तो उघडा पडण्याचा धोका जास्त. पडद्याचा खर्चही वेगळा. पडद्याने सूक्ष्मदर्शकाखालची परीक्षा जिंकली. आरशासमोरची परीक्षा टाळूने जिंकली. रुग्णाला दोन्ही हव्या असतात, पण रोज तो आरशात बघतो.

आईने डॉक्टरांना सांगितलं, "माझंच मला लावा." टाळूला आठवडाभर झोंबत होतं, पेज आणि गार ताक यांवर दिवस काढले. ती जागा भरून आली. दोन्ही सुळे बऱ्यापैकी झाकले गेलेत, एक थोडा कमी.

मग पडदा वाया गेला का? अजिबात नाही. १९८८ साली, गोथेनबर्गमध्येच, डाहलिन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या जबड्याच्या हाडात आरपार भोकं पाडून ती पडद्याने झाकली आणि आत हाड भरून आलेलं दाखवलं. तिथून इम्प्लांटसाठी हाड वाढवायची वाट उघडली. आज तुमच्या ओळखीत कुणी इम्प्लांट बसवून आलं असेल आणि "हाड कमी होतं, पावडर आणि पडदा टाकला" असं म्हणालं असेल, तर तो हाच पडदा. पायरियाच्या खड्ड्यांतही तो वापरात आहे. आणि ज्यांच्या टाळूत पुरेसा जाड थर नाही, किंवा एकाच वेळी सहा-सात दात झाकायचेत, त्यांच्यासाठी टाळूला पर्याय लागतोच. त्यासाठी आता कोलॅजेनचे जाड, स्पंजसारखे तुकडे मिळतात. गंमत बघा, पडद्याचं काम पेशींना अडवायचं होतं, या स्पंजाचं काम त्यांना आत बोलावून घर द्यायचं आहे.

आणखी एक पर्याय आपल्या मुंबईतला आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून टिश्यू बँक आहे. बाळंतपणानंतर वार बाहेर पडते. तिचं पातळ आवरण, ज्यात बाळ नऊ महिने गुंडाळलेलं असतं, ते आईच्या संमतीने तिथे घेतलं जातं, तपासण्या होतात, ते सुकवून गॅमा किरणांनी निर्जंतुक केलं जातं. भाजलेल्या जखमांवर ते वापरतात. आपल्याकडच्या हिरड्यांच्या डॉक्टरांनी हेच आवरण सरकलेल्या हिरडीखाली ठेवूनही बघितलंय, आणि त्यावर भारतातून बरेच लेख आलेत. टिश्यूपेपरपेक्षा पातळ, ओल्या मुळावर ठेवताच चिकटून बसणारं, टाके घालायची फारशी गरज नाही. टाळूच्या थराला ते हरवेल असं आजच्या पुराव्यावरून मी म्हणणार नाही. पण आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हे आधी सांगितलं असतंस तर विचार केला असता. बाळाची वार तर आपण पुरतोच जमिनीत."

मी डॉक्टर नाही, हे दर वेळी सांगतो तसं आजही सांगतो. सेल्फी कॅमेऱ्यात पिवळी पट्टी दिसलीच असेल, तर हिरड्यांच्या डॉक्टरांना दाखवा आणि हे तीन प्रश्न नक्की विचारा: ती आणखी सरकतेय की थांबलीय, झाकायची खरंच गरज आहे का, आणि जे लावणार ते कशाचं आहे. पुढच्या भागात आपण त्या आतड्याच्या दोऱ्याकडे परत जाणार आहोत, कारण तोच दोरा सारंगीच्या गोष्टीतही डोकावतो. भेटू.